इंग्लंडच्या शिरगणतीतून पणजोबांच्या गावी

इंग्लंडमध्ये 1801 पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली. पहिल्या चार खेपांना बहुतेक ठिकाणी नुसती डोकी मोजली गेली. देशभर नावानिशी नोंद झाली ती 6 जून 1841 च्या रात्रीची. शंभर वर्षं उलटल्याशिवाय ही पानं खुली होत नाहीत, म्हणून आज 1921 पर्यंतची पाहता येतात. 1931 ची आगीत जळाली आणि 1941 मध्ये युद्धामुळे गणना झालीच नाही. म्हणजे पुढचा हप्ता थेट 2052 साली!

शोध उलटा चालवायचा, माहीत असलेल्या माणसापासून मागे. समजा, 1881 च्या पानावर लँकशरमधल्या प्रेस्टन गावी एक विणकर सापडला: वय 33, जन्म कर्कहॅम. नाव आणि वय टिपून घेण्याची घाई होते, पण माझ्या मते खरा मोलाचा रकाना जन्मस्थळाचा. पुढे कुठल्या गावाची पानं उघडायची ते तोच सांगतो. आता 1851 मधल्या कर्कहॅमच्या पानांत त्याच नावाचं तीन वर्षांचं पोर शोधायचं. सापडलं, की वरच्या ओळीत कुटुंबप्रमुख म्हणून बाप दिसतो: वय 33, जन्म गार्स्टँग. खाली आई, भावंडं, नशीब असेल तर आजीसुद्धा.

1841 ला मात्र जरा जपून. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती. त्यामुळे हाच बाप तेव्हा 23 चा असूनही कागदावर 20 चा दिसेल. नात्याचा रकाना नाही. जन्म याच काउंटीतला का, याचं उत्तरही फक्त हो किंवा नाही. एका घरात विशीची दोन माणसं दिसली तर ती नवरा-बायको असतील किंवा बहीण-भाऊ. नुसत्या त्या पानावरून ठरवू नये.

नाव सापडत नाही तेव्हा दोष बहुधा नकलेचा असतो. प्रगणक घरोघरी फॉर्म वाटायचा, गोळा करायचा, लिहिता न येणाऱ्यांचे स्वतः भरायचा आणि मग सगळं आपल्या वहीत उतरवून काढायचा. मूळ फॉर्म नंतर नष्ट झाले. 1901 पर्यंत आपल्या हाती येते ती ही वही, आणि संगणकावरची सूची म्हणजे त्या वहीचं आणखी कुणीतरी केलेलं वाचन. म्हणून आडनाव सोडून द्यावं. पहिलं नाव, अंदाजे वय आणि जन्मगाव घालून पाहावं. सूचीवर न थांबता पानाची प्रतिमा उघडावी. दोन तिरप्या रेघा म्हणजे घर संपलं, एक रेघ म्हणजे त्याच घरातलं एक बिऱ्हाड संपलं. वयांवर कारकुनांनी मोजताना मारलेल्या पेन्सिलीच्या खुणा असतात, त्यात 3 चा 8 वाटतो. आणि दहा वर्षांचा ‘जावई’ दिसला तर दचकू नये. तो बहुधा सावत्र मुलगा असतो.

1911 पासून कुटुंबप्रमुखाने भरलेला मूळ फॉर्मच पाहायला मिळतो. 1911 च्या फॉर्मात लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती हयात आणि किती गेली, तेही विचारलेलं आहे.

विणकराचा जन्म सरकारी जन्मनोंद सुरू झाल्यानंतरचा (1 जुलै 1837), तेव्हा त्याच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव मिळेल. बापाचा जन्म मात्र 1817 च्या आसपासचा. त्याच्यासाठी गार्स्टँगच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची वही गाठायला हवी.

कधी जन्मस्थळाच्या रकान्यात ‘पुणे, ईस्ट इंडीज’ असंही निघतं. असा माणूस बहुधा इथल्या छावणीतल्या गोऱ्या शिपायाचा मुलगा. तो माग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जातो. इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदी ‘एन/3’ या मालिकेत लावलेल्या आहेत.