सोंगटीने घेतले सोंग

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात एक नवलाईचा खेळ झाला. संस्थानाचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेवरून विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक सादर केले. मराठी रंगभूमीचा इतिहास येथून मोजतात, हे तुम्ही शाळेत ऐकलेच असेल. पण या नाटकाची एक गंमत सहसा सांगितली जात नाही. त्यात नटांनी पाठ करावीत अशी लिहून काढलेली भाषणे नव्हती. सूत्रधार पदे म्हणत कथा पुढे नेई आणि राम, जनक, रावण ही पात्रे आपापल्या सोंगाला शोभेल असे बोलत. पुष्कळसे तर आयत्या वेळी सुचेल ते. प्रसंग कोणता हे सूत्रधाराने सांगायचे, त्या प्रसंगी काय बोलायचे हे पात्राने. आधी लिहून छापलेल्या गद्य नाटकांचा जमाना पुढे १८६१ च्या सुमारास सुरू झाला.

सांगलीची दुसरी ओळख म्हणजे बुद्धिबळ. भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभारलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धांना कित्येक दशके देशभरातून खेळाडू येत आले. राष्ट्रीय महिला विजेतेपद पाच वेळा मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच गावच्या.

नाटक आणि बुद्धिबळ यांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. एकात नियम जवळजवळ नाहीत, दुसऱ्यात नियमांवाचून काहीच नाही. तरीही टेबलाभोवती बसून खेळायचा असा एक खेळ आहे की, ज्यात हे दोन्ही एकत्र नांदतात. इंग्रजीत त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण त्याला ‘भूमिका-खेळ’ म्हणू. ज्यांनी तो शोधला त्या अमेरिकन मंडळींनी भाव्यांचे नावही ऐकले नसावे. मात्र त्याचा बुद्धिबळाशी असलेला संबंध अगदी रक्ताचा आहे, आणि तो असा.

बुद्धिबळाचा पूर्वज म्हणजे आपल्याकडील चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ असे चार अंगांचे सैन्य. १७८० मध्ये जर्मनीतील ब्रन्सविक येथील योहान हेलविग या गणित शिक्षकाला वाटले की, चौसष्ट घरांचा पट खऱ्या रणांगणासारखा मुळीच नाही. म्हणून त्याने सोळाशेंहून अधिक घरांचा पट केला आणि डोंगर, नदी, दलदल यांच्यासाठी घरांना वेगवेगळे रंग दिले. पुढे १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट राइसविट्झ याने घरे काढूनच टाकली. त्याने मोजमापाचा नकाशा घेतला, तोफेचा गोळा लागला की चुकला हे फाशांवर सोडले आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसवला. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी हा युद्धखेळ बरीच वर्षे वापरात होता.

बुद्धिबळात दोन्ही खेळाडूंना सगळा पट दिसतो. राइसविट्झच्या खेळात शत्रू कोठे आहे हे फक्त पंचाला ठाऊक! खेळाडूने विचारायचे, “टेकडीवरून मला काय दिसते?” आणि पंचाने सांगायचे. म्हणजे पंच हळूहळू सूत्रधार होऊ लागला होता.

उरलेले पाऊल टाकायला आणखी दीडशे वर्षे लागली. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने युद्धखेळात प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी एकेक माणूस दिला. कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यार्थी. खेळाडू सैन्य हलवायचे सोडून एकमेकांशी कारस्थाने करू लागले. त्याच मंडळींतील डेव्ह अर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स यांनी जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. पहिल्या खेपेला अवघ्या एक हजार प्रती छापल्या होत्या. सोंगटीने सोंग घेतले ते येथे.

हा खेळ चालतो कसा? एक नमुना पाहू. पार्श्वभूमी खरी घेऊ, गोष्ट कल्पित. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाच्या फौजांनी सातारच्या अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू होते. मोगल बुरुजाखाली सुरुंग खणत आहेत, आणि ही बातमी रातोरात गडावर पोचवायची आहे. चार खेळाडू चार भूमिका घेतात : एक गवळण, एक पाथरवट, एक गोंधळी आणि एक जासूद.

सूत्रधार म्हणतो, “चंद्र अजून उगवलेला नाही. उजव्या हाताला मोगलांची चौकी आहे, शेकोटीभोवती चार जण बसलेत. डाव्या हाताला कड्याची कपार, पण मुरूम सुटा आहे. काय करता?”

“मी रोज याच वाटेने दूध नेते. मी कपारीने चढणार,” गवळण सांगते.

“मी चौकीवर जाऊन संबळ वाजवतो. त्यांचे लक्ष माझ्याकडे राहील,” असे गोंधळी म्हणतो.

हे दोघे काय करतात ते सूत्रधाराने ठरवलेले नाही. त्यांना तसे सुचले. आता गवळण घसरेल की चढेल? सूत्रधाराने “चढलीस” म्हटले तर धोका उरत नाही, “घसरलीस” म्हटले तर अन्याय वाटतो. म्हणून येथे फासा लागतो. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि १४ किंवा त्याहून अधिक पडले तर चढली, असे सूत्रधार ठरवतो. १४ ते २० हे सात आकडे आहेत. म्हणजे वीसांत सात, किंवा शेकडा ३५ संधी. पण गवळणीच्या पायाखालची ही वाट आहे, तेव्हा तिच्या दानात ४ मिळवायचे. आता तिला १० पुरतात. वीसांत अकरा, शेकडा ५५. वीस बाजूंच्या फाशाची सोय हीच, की प्रत्येक घराची किंमत बरोबर ५ टक्के! तोंडी हिशेब जमतो.

फाशाला बाजू वीसच का? कारण सर्व पृष्ठे सारखी, सर्व बाजू आणि सर्व कोपरे सारखे, अशा बहिर्वक्र घनाकृती फक्त पाच आहेत. पुठ्ठ्याने करून पाहा. एका कोपऱ्यात निदान तीन पृष्ठे हवीत, आणि त्यांच्या कोनांची बेरीज ३६० अंशांहून कमी हवी. पूर्ण ३६० झाली की कागद सपाट पडतो. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा. एका कोपऱ्यात असे तीन, चार किंवा पाच त्रिकोण बसतात, सहा बसत नाहीत. त्यांपासून ४, ८ आणि २० पृष्ठांच्या आकृती मिळतात. चौरस तीनच बसतात : तो नेहमीचा सहा बाजूंचा फासा. पंचकोनाचा कोन १०८ अंश, तेही तीनच : बारा पृष्ठे. षट्कोन तीन घेतले की झाले ३६०, संपला विषय. वीस हा या पाचांतला सर्वांत मोठा. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक अमलाखालील इजिप्तमध्ये कोरलेले वीस बाजूंचे फासे आजही संग्रहालयांत आहेत. (दुकानात दहा बाजूंचाही फासा मिळतो. तो या पाचांत नाही; त्याची पृष्ठे पतंगाच्या आकाराची असतात. पण दहाही एकसारखी असल्याने त्याचे दान निःपक्षपाती पडते.)

गवळणीची ताकद, चपळाई वगैरे गुण ठरवताना मात्र जुन्या पद्धतीत सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज घेत. असे का? तीन फासे २१६ तऱ्हांनी पडू शकतात. त्यांत १८ ही बेरीज एकाच तऱ्हेने येते, १० मात्र २७ तऱ्हांनी आणि ११ देखील २७ तऱ्हांनी. म्हणजे दर चार पात्रांत एकाचा गुण १० किंवा ११ येणार, आणि अचाट बलवान २१६ मध्ये एखादाच. तुमच्या वर्गातील मुलांच्या उंचीची नोंद केलीत तर तेथेही गर्दी मध्यावर आणि टोकाला एखाददुसरा, असेच दिसेल. तीन फाशांच्या या हिशेबात गॅलिलिओनेही डोके घातले होते. ९ आणि १० या दोन्ही बेरजा आकड्यांच्या सहा-सहा जुळण्यांनी होतात, तरी जुगाऱ्यांना १० किंचित अधिक वेळा पडताना का दिसते, असा प्रश्न त्याला विचारण्यात आला होता. उत्तर : २१६ पैकी १० च्या तऱ्हा २७, तर ९ च्या २५. जुळणी मोजणे वेगळे आणि तऱ्हा मोजणे वेगळे.

आता मेळाव्याकडे वळू. घरी मित्रांबरोबर खेळताना गोष्ट महिनोन्‌महिने चालली तरी बिघडत नाही. मेळाव्यात तसे नसते. गायगॅक्स याने १९६८ मध्ये लेक जिनेव्हा या गावी युद्धखेळ खेळणाऱ्यांचा ‘जेन कॉन’ हा मेळावा भरवला, तेव्हा शंभराच्या आसपास माणसे जमली होती. २०२३ मध्ये इंडियानापोलिस येथे हीच संख्या सत्तर हजारांवर गेली. आपल्याकडेही मुंबईत ‘मीपलकॉन’ नावाचे बैठ्या खेळांचे मेळावे भरले आहेत. अशा ठिकाणी एका टेबलावर चार-सहा अनोळखी माणसे बसतात, बहुधा चार तासांसाठी. त्यांतले काही आयुष्यात प्रथमच हा खेळ खेळत असतात. म्हणून भूमिका आधीच कागदावर तयार ठेवतात आणि नियम पाच मिनिटांत सांगतात. खरी परीक्षा असते सूत्रधाराची.

त्याला पहिला हिशेब वेळेचा करावा लागतो. चार तास म्हणजे २४० मिनिटे. ओळख, भूमिकावाटप, चहा आणि शेवटची आवराआवर यांत तासभर गेला, उरली १८०. प्रत्येक खेळाडूला बोलायला चार मिनिटे आणि सूत्रधाराला चार, म्हणजे चार खेळाडूंच्या एका फेरीला वीस मिनिटे. फेऱ्या झाल्या नऊ. पायथ्यापासून गडाच्या माथ्यापर्यंत नऊच वळणे! ज्याने तीस प्रसंग लिहून आणले, त्याचा खेळ अर्ध्या कड्यावर लटकत राहणार.

दुसरा हिशेब फाशांचा, आणि नवखे सूत्रधार हमखास येथे फसतात. समजा, चौघांनीही कडा चढायचा आहे. “सोपे ठेवू या, ७ किंवा अधिक पडले की झाले,” असे सूत्रधार म्हणतो. शेकडा ७० संधी. ऐकायला उदार वाटते. पण चौघेही चढले तरच पुढे जायचे असेल तर ०.७ ला ०.७ ने चार वेळा मांडून गुणा. उत्तर येते ०.२४. म्हणजे अशी चार टेबले असतील तर तिघांचा खेळ तेथेच अडकणार, आणि दूरवरून आलेली मुले दुसऱ्याच फेरीत हात चोळीत बसणार. याउलट, “एकाने चढून दोर खाली सोडला तरी पुरे,” असे ठरवले तर? चौघेही घसरण्याची शक्यता ०.३ चा चौथा घात, म्हणजे ०.००८१. हजारात आठ! फासा तोच, आकडा तोच. प्रश्न कसा विचारला एवढाच फरक. माझ्या मते मुरलेला सूत्रधार आवाज काढून सोंगे वठवण्यापेक्षा यावरूनच ओळखावा.

तो आणखी एक करतो. दान वाईट पडले म्हणून वाट बंद करीत नाही. गवळण घसरली तर मुरूम खडखडत खाली जातो, चौकीवरचा एक जण उठून पाहू लागतो, आणि गोंधळ्याला आता खरोखरच काहीतरी युक्ती काढावी लागते. अपयश आले, पण गोष्ट थांबली नाही.

माणसांचा हिशेब मात्र कोणत्याही सूत्रात बसत नाही. एक खेळाडू सारखा बोलत सुटतो, दुसरा तासभर तोंड उघडत नाही. पाथरवट झालेला मुलगा गप्प बसला असेल तर सूत्रधार त्याच्याकडे वळून विचारतो, “हा दगड कोणत्या जातीचा, हातोडा मारला तर आवाज किती जाईल, हे इथे तुम्हांलाच कळते. काय सांगता?” हे उत्तर दुसऱ्या कोणाला देता येत नाही, त्यामुळे त्याला बोलावेच लागते. काही मेळाव्यांत टेबलावर फुली काढलेले एक कार्ड ठेवतात. एखादा प्रसंग कोणाला फार भीतिदायक किंवा नकोसा वाटला, तर त्याने कार्डाला बोट लावायचे. कारण न विचारता सूत्रधार तो प्रसंग सोडून पुढे जातो.

आणि खऱ्या अजिंक्यताऱ्याचे काय झाले? एप्रिल १७०० मध्ये सुरुंग उडाले. प्रयागजी प्रभू दरडीखाली गाडले गेले, पण जिवंत बाहेर काढले गेले. दुसऱ्या सुरुंगाने कडा बाहेरच्या बाजूला कोसळून मोगलांचीच माणसे मोठ्या संख्येने मेली. त्याआधी मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले होते, आणि त्याच एप्रिलमध्ये गड मोगलांच्या हवाली झाला. आपल्या टेबलावर काय होईल ते चौघांवर आणि फाशावर अवलंबून. इतिहासाच्या शिक्षकांनी मात्र खेळ संपल्यावर खरे काय घडले ते जरूर सांगावे. मुले तेव्हा फार लक्ष देऊन ऐकतात.

वीस बाजूंचा फासा मिळाला नाही तर १ ते २० आकड्यांच्या सारख्या घड्या केलेल्या चिठ्ठ्या डब्यात टाका. प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी परत टाकून डबा हलवायला विसरू नका. ती बाहेर राहिली, तर पुढच्या खेळाडूची संधी वीसांवर न राहता एकोणीसांवर मोजावी लागेल.

एक कोडे : चौघांपैकी निदान दोघे कडा चढले तर निरोप पोचतो, आणि प्रत्येकाला शेकडा ७० संधी आहे. निरोप पोचण्याची शक्यता किती? (सूचना : एकही न चढण्याची आणि नेमका एकच चढण्याची शक्यता वेगवेगळी काढा. तो एक चौघांपैकी कोणीही असू शकतो, हे ध्यानात ठेवा. उत्तर : सुमारे ९२ टक्के.)