मोदक मागवले, टोफू आला!

त्सुकुबात आमच्या गणपतीचं निमंत्रण करायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. 'तू कॉम्प्युटरवाला ना!' एवढी पात्रता पुरते. आजवर मी विंडोजमधल्या 'मंगल' फॉन्टवर भागवलं. फॉन्ट चांगलाच आहे, पण निमंत्रण सोसायटीतल्या पाणीबंदच्या नोटिशीसारखं दिसायचं. यंदा म्हटलं, 'मोदक' वापरू.

मोदक हा मुंबईच्या 'एक टाइप'चा फुकट मिळणारा फॉन्ट. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला. सुरुवात हाताने काढलेल्या अक्षरांपासून झाली, आणि तो हात अजून दिसतो. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली पोकळी म्हणजे नुसती चीर. रोमन अक्षरं फुगवणं त्या मानाने सोपं. देवनागरीत मधे शिरोरेषा, वर मात्रा-रफार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं. एवढ्या दाटीत सगळ्यांनाच जाड करायचं म्हणजे लोकलमधली चौथी सीट, प्रत्येकाने थोडं सरकायचं!

मी वर्डची फाइल तशीच छपाईला दिली. त्यांच्या मशीनवर देवनागरीच नव्हती. हातात आले रिकामे चौकोन. फॉन्टवाले त्यांना 'टोफू' म्हणतात. गूगलच्या 'नोटो' फॉन्टचं नावही 'नो टोफू'वरूनच आलंय. इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून पीडीएफमध्ये फॉन्ट घालून द्यायचं मी विसरलो, हे बायकोने मंडळात सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या खेपेचं निमंत्रण फ्रिजवर लावलं. पहिलीतली लेक, जिच्याशी दर शनिवारी मराठीवरून भांडण होतं, समोर उभी राहून म्हणाली, "बाबा, मोचीमोची!" म्हणजे मोचीसारखं मऊ, लुसलुशीत. मग बोट फिरवत 'ग', 'ण', 'प' वाचलं, न सांगता. मला इतका हुरूप आला की रात्री बसून अख्खी मुळाक्षरं मोदकमध्ये छापली.

ती चूक झाली. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांच्यात फरक असतो शिरोरेषेतल्या फटीचा, आणि इथे फट म्हणजे केसाएवढी. 'भात'चा 'मात' झाला. तेव्हा माझं मत असं: मोदक मथळ्याला, दुकानाच्या पाटीला, पुस्तकाच्या मुखपृष्ठाला. चार-पाच शब्द, मोठे. परिच्छेद त्यात लावू नये आणि अक्षरओळख तर नाहीच.

सांगलीला आईला व्हिडिओ कॉलवर निमंत्रण दाखवलं. तिला कमल शेडग्यांच्या नाटकाच्या जाहिराती आठवल्या. नाटकाचं नाव ते हातानेच काढायचे; २०२० साली गेले. तिची खंत वेगळीच. तिच्या पत्रातली ओळ नातीला लागत नाही, मीच वाचून दाखवतो.

परवा पाकीट आलं. आत एकच कागद, जाड स्केचपेनने सुटी-सुटी अक्षरं: 'मोदक खायला ये'.

लेकीने मोठ्याने वाचलं, "मोदक र-वा-य-ला ये."

फोनवर आजी क्षणभर गप्प. मग म्हणाली, "रव्याचे कशाला गं? तांदळाच्या पिठाचेच करते की!"