शिवलेली होडी आणि ती शिवणारी घरं



२९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून एक जहाज निघालं आणि जानेवारीत मस्कतला पोचलं. नाव 'कौंडिण्य'. आपल्या नौदलाचं. इंजिन नाही, फक्त शिडं. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या सुंभाने शिवलेल्या. अजिंठ्याच्या चित्रातलं जहाज बघून ते बांधलं. कुठे? आपल्या गोव्यात, दिवाडी बेटावर, 'होडी इनोव्हेशन्स'च्या यार्डात.

अभिमान वाटलाच. पण थोडं टोचलंही. कारण शिवणाऱ्या कारागिरांचे प्रमुख होते केरळचे बाबू शंकरन. त्यांचं कौतुक आहेच. पण होडी शिवणं गोव्यालाही परकं नव्हतं. रापणीच्या मोठ्या होड्या शिवलेल्याच असायच्या.

ते काम कारखान्याचं नव्हतं, घरचं होतं. बाप तासायचा, मुलगा भोकं पाडायचा, घरातलं आणखी कोणी सुंभ भिजवून द्यायचं. कागदावर नकाशा नाही. माप वितीत आणि हातात. आंब्याचं जाडजूड खोड वाकसाने कोरून तळ काढायचा, वर बाजूच्या फळ्या चढवायच्या. फळ्यांच्या कडेला सामत्याने ओळीने भोकं पाडायची, सांध्यावर काथ्या दाबून बसवायचा आणि सुंभ आरपार ओढून आवळायचं. मग भोकं बुजवायची आणि आतून-बाहेरून तेल. काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागलं तर कातडी सोलते, पण लाकडाला कीड लागू देत नाही.

खिळे का नाहीत? लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं, हे एक. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. रापणीची होडी लाटा फोडून आत जाते आणि परत येऊन वाळूवर आपटते. खिळ्याची फळी अशा वेळी फाटते. शिवलेली थोडी लवते, दणका सोसते.

सुंभ मात्र कुजतं. ठरावीक काळाने टाके उसवून होडी पुन्हा शिवावी लागायची. मला वाटतं, या घरांचं पोट नव्या होडीपेक्षा या जुन्या होड्यांवरच जास्त चाललं असणार. नवी होडी कोण दरवर्षी घेतो?

मग दिवस बदलले. मुक्तीनंतर ट्रॉलर आले. सत्तरच्या दशकात रापणकारांनी त्यांच्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं, १९८० मध्ये गोव्यात सागरी मासेमारीचा कायदाही झाला. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानंतर झाड तोडायला परवानगी लागू लागली. चांगला कायदा, पण होडीजोगं खोड मिळवणं आणखी कठीण झालं. त्यातच फायबर आलं. हलकं, कुजत नाही, उसवावं लागत नाही. फायबरला नावं ठेवायची नाहीत, त्यामुळे कित्येकांची पाठ वाचली. पण दर हंगामाचं शिवण संपलं आणि त्याबरोबर त्या घरांचं काम.

आता गंमत बघा. याच दिवाडीवर रत्नाकर दांडेकर यांच्या 'अक्वेरियस' या छोट्या यार्डात 'म्हादेई' बांधली गेली. आतून लाकडाच्या पट्ट्या, वरून फायबर. २००९ मध्ये ती नौदलात आली आणि तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. पुढे 'तारिणी'ही तिथेच बांधली आणि २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाला वळसा घालून आल्या. म्हणजे गोव्यातल्या छोट्या यार्डातही बांधण्याची धमक आहे. लाकूड आणि फायबर एकाच सांगाड्यात नांदू शकतात, हेही दिसलं.

आपल्याकडे समुद्र नाही, तिळारीहून आलेली शापोरा आहे. नदीची होडी लहान, तिला रापणीसारखे दणके नाहीत. तरी तीही कोणीतरी तासलीच होती. कोणाच्या माडीवर जुना वाकस पडलाय? कोणाच्या आजोबांनी होडी तासलेली, शिवलेली आठवते? ती कुठल्या झाडाची होती, तेल कसलं लावायचे, बांधायला किती दिवस लागायचे, घरातल्या जाणत्यांना विचारा आणि इथे खाली लिहा. बोलायला तयार असतील तर मोबाईलवर रेकॉर्डही करून पाठवा. पावसाआधी जमलं तर बरं, होड्या वर काढताना अशा गोष्टी आपसूक निघतात.