सव्वातीन तासांचा हिशेब

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीची जेवणं आटोपली होती. ओट्यावरचं आवरता आवरता माझी धाकटी जाऊ हळूच म्हणाली, ''वहिनी, मी एमसीए करायचं म्हणते.'' मी भांडं विसळत होते. वर न बघताच बोलून गेले, ''अगं, अडतीस वर्षांची झालीस. नोकरी आहे, पोरं आहेत. आता कशाला ते शिंगरू पाठीवर घ्यायचं?''

ती गप्प झाली. आणि मैत्रिणींनो, तिथेच मला माझा आवाज ओळखीचा वाटला. वीस वर्षांपूर्वी मी एम.ए.चा फॉर्म आणला होता, तेव्हा घरातल्याच एका वडीलधाऱ्या बाईंनी अगदी हेच शब्द मला ऐकवले होते. तो फॉर्म कपाटातल्या साड्यांच्या घडीतच राहिला. वस्तीत जाऊन बायकांना ''शिका गं'' म्हणून सांगणारी मी, स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र सासूच्या भूमिकेत!

आमचं घर प्रताप नगरात. जाऊ गायत्री नगरच्या आयटी पार्कमध्ये एका कंपनीत नोकरीला आहे. गणित घेऊन बी.एस्सी. झाली, पुढे छोटे-मोठे कोर्स करून सॉफ्टवेअर तपासण्याचं काम शिकली. काम चोख, पण बढतीची वेळ आली की पदव्युत्तर पदवीवाली तिच्याहून लहान मुलगी पुढे जायची. तिची धडपड होती ती यासाठी.

त्या रात्री तिने आणखी एक गोष्ट सांगितली. एमसीएचा हा तिचा पहिला प्रयत्न नव्हता. एका संस्थेची 'वर्षभरात एमसीए, घरबसल्या' अशी जाहिरात पाहून तिने आधीच चाळीस हजार रुपये भरले होते. कागद हातात आला, पण ऑफिसात तो चालला नाही. त्या संस्थेला मान्यताच नव्हती. पैसे गेले, वर्ष गेलं, आणि लाजेपोटी हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बाप्पा! ऐकून पोटात कालवलं.

मग मीच पदर खोचला. मी बी.ए., मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. पण चौकशी करणं हे तर आम्हा समाजकार्य करणाऱ्यांचं रोजचंच काम. जे कळलं ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल म्हणून सांगते.

दूरस्थ पदवी म्हणजे दुय्यम, हा समज आधी काढून टाका. मान्यताप्राप्त मुक्त किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण यातला 'मान्यताप्राप्त' हा शब्द लाखमोलाचा! कोणत्या विद्यापीठाला कोणत्या सत्रासाठी कोणता अभ्यासक्रम चालवायची परवानगी आहे, त्याची यादी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. पैसे भरण्याआधी ती बघायची. २०२४ पासून तर अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डेब-आयडी काढावा लागतो.

ही सावधगिरी उगाच नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरस्थ पद्धतीने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर कुऱ्हाड चालवली. त्या पदव्यांवर नोकऱ्या करणारी माणसं वर्षांनुवर्षांनंतर अडचणीत आली. म्हणून पत्राने बी.ई. किंवा बी.टेक. करून देतो असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा. एमसीएचं तसं नाही. ते मान्यता घेऊन दूरस्थ पद्धतीने चालतं.

आम्ही इग्नू निवडलं. हे १९८५ सालचं केंद्र सरकारचं मुक्त विद्यापीठ, नागपुरात त्याचं प्रादेशिक केंद्र आहे. पूर्वी एमसीए तीन वर्षांचं होतं, आता दोन वर्षांचं झालंय. सवडीने चार वर्षांत पूर्ण केलं तरी चालतं. संगणकाची पदवी नसली पण गणित झालेलं असलं, तर आधी काही जोडविषय करावे लागतात. नोकरदारांसाठी पिलानीच्या बिट्स संस्थेचेही कार्यक्रम १९७९ पासून आहेत. तिथे नोकरीत असणं हीच मुळी अट! पण त्यांची फी आमच्या खिशाला झेपणारी नव्हती. आणि आधी आपल्याला जमतं का हे चाचपायचं असेल, तर 'स्वयम्' या सरकारी संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची.

फीचं जमलं. खरी अडचण पुढेच होती. माहितीपत्रकात लिहिलं होतं, अभ्यासक्रम ८० श्रेयांकांचा आणि एका श्रेयांकाला ३० तास अभ्यास. दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत मी गुणाकार केला. २४०० तास! दोन वर्षांत करायचं तर रोजचे सव्वातीन तास, चार वर्षांत केलं तरी दीड तासाहून जास्त. आता सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत घाण्याला जुंपलेल्या बाईने हे तास आणायचे कुठून?

रविवारी तर्री-पोह्यांवर ताव मारून सगळे बसले असताना मी ती वही मध्ये ठेवली. तोवर धीर करून जावेने चाळीस हजारांचं नवऱ्याला सांगितलं होतं. दीर दोन दिवस घुश्शात होते, मग म्हणाले, ''आता तरी नीट कर.'' सकाळचे डबे मी घेतले. मुलांचा अभ्यास दिरांनी. सासूबाई आपणहून म्हणाल्या, ''भाजी मी निवडून देत जाईन जी, रात्रीच.'' पहाटे साडेचार ते सहा आणि रात्री नऊ ते साडेदहा तिचे. आणि त्या वेळात तिला हाक मारायची नाही! तीन तास असे निघाले, उरलेला रविवारी भरून काढायचा.

लिहिलं तितकं सोपं नव्हतं बरं. पाहुणे यायचे, मुलांना ताप यायचा, माझीही चिडचिड व्हायची. एकदा तर मी डबा करताना मुद्दाम भांडी आपटली, हेही कबूल करते. पहिली परीक्षा आली जूनमध्ये. नागपूरचा जून तुम्हाला ठाऊकच आहे. कूलरच्या घरघरीत ती अल्गोरिदम पाठ करत बसायची. निकाल लागला. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समध्ये राहिली, बाकी सगळे विषय सुटले. ती रडली. मी म्हटलं, ''डिसेंबरात पुन्हा देता येतो ना? मग रडतेस कशाला!'' डिसेंबरात तोही सुटला.

पदवी अजून हाती यायची आहे. बढती मिळेल की नाही, कुणी सांगावं? पण आता ऑफिसातल्या चर्चेत ती गप्प बसत नाही, असं तीच सांगते.

घरातली एखादी सून, जाऊ, वहिनी ''शिकायचं म्हणते'' असं ओट्यापाशी हळूच म्हणाली, तर मैत्रिणींनो, दोनच गोष्टी करा. मान्यता तपासा, आणि वही काढून तासांची वाटणी करा. फी एकटीला भरता येते, पण हे तास सगळ्या घराने मिळूनच द्यावे लागतात.

आणि हो, साड्यांच्या घडीतला तो जुना फॉर्म मी परवा काढला. पिवळा पडलाय. आता नवा आणायचा आहे. जाऊ म्हणते, ''वहिनी, डबे मी बघते!''