मद्यासक्ती आणि विषण्णता

दीर्घकाळ मद्याच्या आहारी गेलेला मनुष्य उपचारांसाठी येतो, तेव्हा तो पुष्कळदा विषण्ण असतो. त्याला झोप लागत नाही, अन्नावर वासना नसते, कशातच मन रमत नाही. दुःख विसरण्यासाठी तो पिऊ लागला, की पिण्यामुळेच दुःखी झाला, असा प्रश्न त्याच्या कुटुंबीयांना पडतो. वैद्यालाही तो पडतो.

सँड्रा ब्राउन व मार्क शुकिट या अमेरिकन संशोधकांनी १९८८ साली त्यावर प्रकाश टाकला. मद्यासक्ती हाच मूळ विकार असलेल्या १९१ पुरुषांची विषण्णता त्यांनी ठराविक मापनश्रेणीने मोजली. दाखल होताना शेकडा ४२ जणांत ती गंभीर होती. मद्य बंद होऊन चार आठवडे लोटले, तेव्हा हे प्रमाण शेकडा ६ वर आले.

मद्य हे मज्जासंस्थेला मंदावणारे द्रव्य आहे. ते रोज पोटात जाऊ लागले, की मेंदू प्रतिकार म्हणून आपली उत्तेजनक्षमता वाढवितो. मद्य ओसरताच हीच उत्तेजना अस्वस्थता व निद्रानाश यांच्या रूपाने प्रकट होते. मेंदूची घडी पूर्ववत बसण्यास काही आठवडे लागतात. (पट्टीच्या मद्यप्याने वैद्यकीय देखरेखीवाचून एकाएकी मद्य सोडणे म्हणूनच धोक्याचे, त्यातून झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो.) ज्यांची विषण्णता व्यसनाच्या आधीपासूनची असते, अथवा महिन्यानंतरही ओसरत नाही, त्यांना तिच्यासाठी स्वतंत्र उपचार द्यावे लागतात. आत्महत्येचे विचार बोलून दाखविणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मात्र एक दिवसही वाट पाहून चालत नाही.

मन निवळले, तरी संसार लगेच सावरत नाही. नोकरी गेलेली असते, उसनवारी शिल्लक असते, घरच्यांचा विश्वास उडालेला असतो. संध्याकाळ कशी घालवावी हेही नव्याने शिकावे लागते, कारण जुने सोबती गुत्त्यावरचेच. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या दोन प्रयोगांचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, ते या दृष्टीने उद्बोधक आहेत. दोहोंतील समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांपैकी ज्यांना समुपदेशन मिळाले, त्यांच्यात तीन महिन्यांनी मद्यापासून दूर राहिलेले अधिक आढळले. परंतु कामाचे बुडणारे दिवस घटल्याचे दिसले नाही. दुसरा प्रयोग मद्यप्यांचा नव्हता, तर विषण्ण रुग्णांचा होता. तेथे समुपदेशकांनी रुग्णांना सुटलेले नित्यव्यवहार थोडे थोडे पुन्हा करावयास लावले, आणि त्यांचे बुडणारे दिवस कमी झाले.