माल भरलेल्या पिकअपचा डिपर कुठे पडतो? भिंतीवर एकदा तपासून घ्या



आजचा संदेश पिकाबद्दल नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीबद्दल आहे. आपल्या बऱ्याच सभासदांच्या पिकअप आता जुन्या झाल्यात. दिवसभर तोडणी, संध्याकाळी क्रेट भरायचे, रात्री निघायचं आणि पहाटे मार्केटला पोचायचं. म्हणजे गाडी धावते ती बहुतेक अंधारातच, आणि तीही भरलेली.

अशा गाड्यांबद्दल दोन तक्रारी नेहमी येतात. ड्रायव्हर म्हणतो, "लाईट रस्त्यावर पडतच नाही." आणि समोरून येणारे सारखे लाईट मारून सांगत असतात, "तुझा लाईट डोळ्यात येतोय." दोन्ही तक्रारी एकाच गाडीच्या असतात, आणि कारणही बहुतेक वेळा एकच असतं: दिव्याचा कोन बिघडलाय. उजेड रस्त्यावर पडायचा तो वर हवेत जातोय. अशा वेळी जास्त पॉवरचा बल्ब टाकला तर समोरच्याला त्रास वाढतो, आपल्याला फारसा फायदा होत नाही.

*माल भरल्यावर काय होतं?*

माल मागच्या चाकांवर येतो. पाटे दबतात, मागचा भाग बसतो आणि गाडीचं नाक वर होतं. नाकाबरोबर दिवेही वर बघायला लागतात.

हिशोब साधा आहे. दिवा जमिनीपासून ८० सेंमी उंच आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे असं धरू. बरोबर लावलेल्या डिपरची वरची कड दर १० मीटरला १० सेंमी खाली उतरते. म्हणजे ५० मीटरवर ती जमिनीपासून ३० सेंमीवर असते. कोणाच्या डोळ्यात जात नाही.

आता माल भरून मागचा भाग पुढच्यापेक्षा ६ सेंमी जास्त बसला. तेवढ्यानेच ५० मीटरवर ती कड १ मीटर वर उचलली जाते आणि १३० सेंमीवर येते. छोट्या कारच्या ड्रायव्हरचे डोळे याच्या खालीच असतात. रस्त्याला थोडा चढउतार असेल तर दुचाकीवाल्याच्याही डोळ्यात जातो. तुम्ही डिपरवर असता, पण समोरच्याला तो अप्परच वाटतो. त्याला काही क्षण रस्ता दिसत नाही, आणि तो तुमच्याच दिशेने येत असतो.

*मग दिवा अगदी खाली करून टाकायचा का?*

नाही. तोही धोका आहे. १० मीटरला १० सेंमी उतार असेल तर उजेड ८० मीटरपर्यंत जातो. २० सेंमी केला तर ४० मीटर. ४० सेंमी केला तर फक्त २० मीटर. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत २५ मीटर गेलेले असतात, त्यापुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी तेवढेच लागतात. भरलेल्या जुन्या गाडीला त्याहून जास्त. ऊस तोडणीच्या हंगामात मागे दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यात उभी असली, तर २० मीटरचा उजेड कामाचा नाही.

*तपासण्याआधी एवढं बघा*

▪️ चारही टायरमध्ये हवा बरोबर आहे ना.
▪️ दिव्याची काच आतून-बाहेरून स्वच्छ आहे ना. आतला आरसा काळपट किंवा पोपडे आलेला असेल तर कोन लावून उपयोग नाही, दिवाच बदलावा लागेल.
▪️ बल्ब होल्डरमध्ये नीट बसलाय ना. बल्बच्या पत्र्याचे कान खाचेत न बसता बल्ब तिरका राहिला तर कोन कधीच जमत नाही. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, फडक्याने धरा.
▪️ दोन्ही बाजूंना सारखेच बल्ब आहेत ना. हॅलोजनसाठी बनलेल्या दिव्यात स्वस्त एलईडी टाकला की भिंतीवर उजेडाची स्वच्छ कड मिळत नाही, नुसता फापट उजेड पडतो. १०० वॅटचे बल्ब टाकले तर होल्डर आणि वायर वितळू शकते. साधा ६०/५५ वॅटचा बल्ब नीट लावला तर पुरतो.
▪️ एक दिवा मंद असेल तर आधी त्याची अर्थिंगची वायर आणि कनेक्टर घासून घट्ट करा.

*भिंतीवर कसं लावायचं?*

१) सपाट जागा आणि सरळ भिंत शोधा. गोदामाची किंवा शाळेच्या कंपाउंडची चालेल. अंधार पडल्यावर करा.

२) गाडी भिंतीला जवळजवळ लावा. दोन्ही दिव्यांच्या मध्याची खूण भिंतीवर खडूने करा. दोन्ही खुणा जोडणारी आडवी रेघ मारा आणि प्रत्येक खुणेतून एक उभी रेघ मारा.

३) पहिल्या आडव्या रेघेच्या १० सेंमी खाली दुसरी आडवी रेघ मारा. आपल्याला हीच महत्त्वाची.

४) गाडी सरळ मागे घ्या. दिव्यापासून भिंत १० मीटर, म्हणजे जवळपास ३३ फूट. टेपने मोजा, अंदाजाने नको. हँडब्रेक लावा, ड्रायव्हरला सीटवर बसवा.

५) डिपर लावा. एका दिव्यासमोर थोड्या अंतरावर पुठ्ठा धरा आणि दुसऱ्याचा उजेड बघा. गोणपाट दिव्यावर टाकून ठेवू नका, तापतं.

६) उजेडाची वरची कड उभ्या रेघेच्या उजवीकडे सपाट असते, ती खालच्या रेघेवर यायला हवी. डावीकडे ती वर चढलेली दिसेल. ते बरोबर आहे. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून रस्त्याची डावी कड दिसावी यासाठी दिवा तसाच बनवलेला असतो. ही चढण उभ्या रेघेपाशी सुरू व्हायला हवी.

७) दिव्याच्या मागे किंवा कडेला दोन स्क्रू किंवा दातेरी प्लास्टिकच्या चकत्या असतात. एकाने दिवा वर-खाली होतो, दुसऱ्याने डावी-उजवीकडे. अर्धा फेरा फिरवा, भिंतीकडे बघा, मग पुढचा. जुन्या गाडीत स्क्रू गंजलेला असतो. जोर लावला तर प्लास्टिकची खुंटी तुटते, म्हणून आधी गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा.

*भरलेल्या गाडीवर लावायचं की रिकाम्या?*

कॅबिनमध्ये दिव्याची उंची बदलायचं बटण असेल तर ते ० वर ठेवून रिकाम्या गाडीवर लावा. माल भरला की बटण १, २ किंवा ३ वर न्या. किती वर न्यायचं तेही भिंतीवरच बघून ठेवा.

बटण नसेल तर ज्या अवस्थेत गाडी रात्री सगळ्यात जास्त चालते, त्या अवस्थेत लावा. आपल्या बहुतेकांसाठी ती भरलेली गाडी. रोजचा माल भरून कड १० सेंमीच्या रेघेवर आणा. मग रिकाम्या गाडीत ती किती खाली जाते ते मोजा. ती ३० सेंमीवर गेली तर रिकाम्या गाडीचा उजेड २७ मीटरच्या आसपास संपेल. म्हणजे परतीच्या वाटेवर वेग कमी ठेवायचा, आणि समोर कोणी नसेल तेव्हा अप्पर वापरायचा.

दोन्हीतला फरक २० सेंमीपेक्षा बराच जास्त येत असेल तर दोष दिव्याचा नाही. पाटे बसलेत किंवा माल क्षमतेपेक्षा जास्त भरला जातोय. आधी पाटे दाखवा, मग दिवे. पाटे बदलले, टायरचा साईज बदलला किंवा पुढे ठोकर लागली, तर पुन्हा भिंतीवर तपासा.

*आपल्या केंद्रावर सोय*

संकलन केंद्राच्या गोदामासमोरची जागा सपाट आहे. संध्याकाळी माल घेऊन आलात की वजन झाल्यावर, माल उतरवायच्या आधी एकदा उजेड बघा. उतरवल्यावर त्याच जागी पुन्हा बघा. दोन्ही आकडे कॅबिनमध्ये लिहून ठेवा. खडू आणि टेप केंद्रावर मागितला की मिळेल. स्क्रूला हात लावायचा नसेल तर हे दोन आकडे घेऊन मेकॅनिककडे जा, त्याचंही काम सोपं होईल.

गावातल्या ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांनाही हा संदेश पाठवा. रात्री त्याच रस्त्यावर समोरून आपलीच माणसं येत असतात.