समाजमाध्यमांवर वाचक कसे जोडावेत? एका शाळकरी मुलीचा धडा

आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण-तरुणी समाजमाध्यमांवर नियमाने काही ना काही लिहीत असतात. कुणी आपल्या बोलीतील शब्द जमवतो, कुणी आजीच्या पाककृती देते, कुणी गावच्या विहिरी आणि तळ्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करतो. कुणाची स्वतंत्र अनुदिनी, म्हणजेच ब्लॉग असतो, तर कुणी फेसबुक वा इन्स्टाग्रामवरच लिहितो. मात्र काही महिन्यांत अनेकांचा उत्साह ओसरतो. 'वाचतं कोण?' हा प्रश्न मनात घर करतो. दहा-बारा नातेवाईक पसंतीची खूण करतात आणि विषय तिथेच संपतो. मग वाचक वाढवण्याच्या युक्त्या शोधल्या जातात. पैसे देऊन अनुयायी विकत घेण्यापर्यंतही काहींची मजल जाते.

वाचकांची इच्छा धरणे मुळीच गैर नाही. जो लिहितो त्याला वाचक हवाच असतो. परंतु वाचक कशामुळे येतात, कशामुळे टिकतात आणि ते आल्यावर आपली जबाबदारी काय, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत. ते नीट समजून घेण्यासाठी स्कॉटलंडमधील एका नऊ वर्षांच्या मुलीची हकिकत आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

एका ताटाची गोष्ट

मार्था पेन ही स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आर्गाईल भागात प्राथमिक शाळेत शिकत होती. २०१२ च्या वसंत ऋतूत वडिलांच्या मदतीने तिने 'नेव्हरसेकंड्स' नावाची अनुदिनी सुरू केली. एकदा वाढल्यानंतर पुन्हा वाढले जात नाही, असा त्या नावाचा आशय. स्वतःचे नाव न देता ती टोपणनावाने लिहीत असे. विषय एकच होता, शाळेत दुपारी मिळणारे जेवण. शाळेतल्या जेवणाच्या ताटाचे एक छायाचित्र, त्याखाली थोडा मजकूर आणि ठरावीक मोजमाप, एवढाच तिचा शिरस्ता. चवीला दहापैकी किती गुण, आरोग्याच्या दृष्टीने किती गुण, जेवण किती घासांत संपले, किंमत किती पडली, आणि अखेरीस जेवणात केस किती सापडले, हेसुद्धा ती प्रामाणिकपणे नोंदवी!

सुरुवातीच्या एका छायाचित्रात पिझ्झ्याचा तुकडा, मक्याचे काही दाणे आणि बटाट्याचे एकच लहानसे क्रोकेट होते. वाढत्या वयाच्या मुलीला एवढ्यावर दुपारभर अभ्यासात लक्ष देता येत नाही, असे तिने साध्या शब्दांत लिहिले. ब्रिटनमधील शाळांचे जेवण सुधारावे म्हणून २००५ पासून झटणारे प्रसिद्ध आचारी जेमी ऑलिव्हर यांनी ट्विटरवरून तिचे कौतुक केले. काही आठवड्यांतच तिच्या पानाला लाखो भेटी झाल्या. शाळेतही फरक पडला. मुलांना कोशिंबीर, फळे आणि पाव हवे तेवढे घेता येतील, असे सांगण्यात आले.

वाचक का आले?

नामवंत व्यक्तीने कौतुक केले म्हणून हे घडले, असे कुणी म्हणेल. परंतु अशा कौतुकाने आलेला वाचक दुसऱ्या दिवशी पुन्हा येईलच, याची शाश्वती नसते. मार्थाचे वाचक पुन्हा पुन्हा आले, त्यामागे आम्हांला चार कारणे दिसतात.

पहिले कारण, विषय लहान आणि स्वतःच्या अनुभवातला होता. देशाच्या शिक्षणव्यवस्थेवर तिने मतप्रदर्शन केले नाही. स्वतःच्या ताटाविषयी मात्र तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. दुसरे कारण, ठरलेला साचा. नव्या नोंदीत काय पाहायला मिळणार हे वाचकाला माहीत असे, तरी आजचे गुण किती, ही उत्सुकता राहतच असे. तिसरे कारण, सचोटी. जेवण चांगले असले की ती तेही तितक्याच मोकळेपणाने सांगे. केवळ तक्रार करणाऱ्याचा लोकांना लवकरच कंटाळा येतो.

चौथे कारण आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिने वाचकाला आपल्याबरोबर सामील होण्यास जागा दिली. अमेरिका, जपान अशा दूरच्या देशांतील मुलांनीही आपापल्या शाळेतल्या जेवणाची छायाचित्रे तिला पाठवली आणि तिने ती आपल्या पानावर दिली. केवळ पाहणारा वाचक अशा रीतीने सहभागी झाला. जो स्वतः काही देतो, तो पुन्हा येतो आणि चार जणांना सोबत घेऊन येतो.

समाजमाध्यमांची यंत्रणाही हेच पाहते. आपण लिहिलेला मजकूर सर्व अनुयायांना आपोआप दिसतो, अशी अनेकांची समजूत आहे. ती खरी नव्हे. कोण थांबून वाचेल, कोण उत्तर देईल, कोण पुढे पाठवील याचा अंदाज बांधून ही यंत्रणा मजकुराचा क्रम ठरवते. माणसामाणसांत संवाद घडवणाऱ्या मजकुराला अग्रक्रम देणार असल्याचे फेसबुकने २०१८ साली जाहीरही केले होते. म्हणूनच विकत घेतलेले अनुयायी कामाचे नसतात. ते आकडा वाढवतात, पण वाचत नाहीत आणि उत्तरही देत नाहीत. मग या मजकुरात कुणाला रस नाही असे यंत्रणा धरून चालते, आणि खऱ्या वाचकांपर्यंतही तो पोहोचेनासा होतो.

वाचकसंख्येचे ओझे

या हकिकतीची दुसरी बाजूही आहे. मार्थाला प्रसिद्धी मिळाल्यावर एका वृत्तपत्राने शाळेतील स्वयंपाक कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्याची भाषा करणारा मथळा दिला. मार्थाने तसे कधीच लिहिले नव्हते. परंतु स्वयंपाकघरात राबणाऱ्या स्त्रियांच्या मनात नोकरी जाण्याची भीती निर्माण झाली. १४ जून २०१२ रोजी गणिताच्या तासाला मार्थाला वर्गाबाहेर बोलावून सांगण्यात आले, की यापुढे जेवणाची छायाचित्रे काढायची नाहीत. हा निर्णय स्थानिक प्रशासनाचा, म्हणजे आर्गाईल अँड ब्यूट कौन्सिलचा होता. मार्थाने निरोपाची नोंद लिहिली, आणि एका रात्रीत जगभरातून संतापाची लाट उसळली. दुसऱ्याच दिवशी कौन्सिलच्या प्रमुखांनी बंदी मागे घेतली.

मुलीचा आवाज दाबणे चूकच होते. पण त्या कर्मचाऱ्यांचे भयही खोटे नव्हते. काय शिजवायचे आणि किती वाढायचे, हे सर्वस्वी त्यांच्या हाती नव्हते. वाचक थोडे असतात तेव्हा आपले शब्द आपल्या ओळखीच्या वर्तुळात राहतात. ते हजारोंनी वाढले की त्याच शब्दांना इतर लोक आपापले अर्थ चिकटवतात, आणि त्याचा घाव आपल्या ध्यानीमनी नसलेल्या माणसावर बसू शकतो. रागाचा मजकूर झपाट्याने पसरतो, म्हणून त्याचा मोहही मोठा असतो. तो टाळण्यासाठी काही पथ्ये पाळावीत. व्यवस्थेविषयी लिहावे, पण दुबळ्या माणसाला लक्ष्य करू नये. कुणाचे छायाचित्र त्याला विचारल्यावाचून देऊ नये. आपल्या लेखनाचा विपर्यास होत असेल, तर स्वतः पुढे येऊन स्पष्ट खुलासा करावा. लेखक अल्पवयीन असेल, तर मार्थाच्या वडिलांप्रमाणे आई-वडिलांनी पाठीशी उभे राहावे आणि नाव, चेहरा व शाळा उघड करण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

आलेले वाचक कुठे न्यावेत?

आपल्या वाचकांना मार्थाने आधीपासूनच एक काम दिले होते. 'मेरीज मील्स' या संस्थेसाठी ती निधी जमवत होती. ही संस्था आर्गाईलमधील डालमॅली गावचे कॅथलिक गृहस्थ मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो यांनी उभारली असून, तिचे नाव पवित्र मारियेवरून ठेवले आहे. २००२ साली आफ्रिकेतील मलावी देशात २०० मुलांना शाळेत रोज एक वेळचे अन्न देऊन या कार्याचा आरंभ झाला. मका आणि सोयाबीनच्या पिठाची लापशी मगमध्ये वाढली जाते. ती शाळेतच मिळत असल्यामुळे उपाशी मूल शाळेत येते आणि शिकते. २०२१ साली या मुलांची संख्या २० लाखांवर गेली.

एका शाळेचे स्वयंपाकघर उभारण्यासाठी लागणारे ७,००० पौंड जमवणे, हे मार्थाचे उद्दिष्ट होते. बंदी येईपर्यंत जेमतेम २,००० पौंडांच्या आसपास रक्कम जमली होती. बंदीची बातमी पसरताच उद्दिष्ट काही तासांत पार झाले आणि पुढे निधी १,००,००० पौंडांच्याही वर गेला. लोकांच्या संतापाला निधी हे एक विधायक वळण तयार होते, म्हणून तो संताप मलावीतील मुलांच्या मुखी घास होऊन पोहोचला. वाचक येण्याआधीच त्यांना कुठे न्यायचे हे ठरलेले नसते, तर तोच संताप कौन्सिलला आणि कर्मचाऱ्यांना शिव्याशाप देण्यात विरून गेला असता. त्याच वर्षी मार्थाने मलावीला जाऊन तेथील स्वयंपाकघर प्रत्यक्ष पाहिले.

आपण काय करावे?

वाचकहो, यातून आपल्या तरुणांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे. समजा, कुणाला वसईच्या सामवेदी बोलीविषयी लिहायचे आहे. 'आपली बोली लोप पावत आहे' अशी हळहळ शंभर जणांनी आधीच व्यक्त केलेली आहे. त्याऐवजी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी एकच शब्द द्यावा. त्याचा अर्थ, तो कोणत्या कामाच्या वेळी वापरतात, घरात तो अजून कोण बोलते, आणि लहान मुलांना तो कळतो का, एवढे चार रकाने भरावेत. मग वाचकांना विचारावे, 'तुमच्या आळीत याला काय म्हणतात?' आलेल्या प्रत्येक उत्तराला नावानिशी प्रतिसाद द्यावा आणि त्यांतील एखादे उत्तर पुढच्या नोंदीत घ्यावे. निदान तीन महिने आकड्यांकडे पाहू नये. आणि हे सारे कशासाठी, हेही आरंभीच ठरवावे. जमलेल्या शब्दांचा एक छोटा कोश गावच्या शाळेला द्यायचा, एवढे उद्दिष्टदेखील पुरेसे आहे.

सुरुवातीचे दहा वाचक नातेवाईक असतील, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शब्द ठाऊक असलेली आजी बहुधा त्याच दहा जणांच्या घरी बसलेली असते. लेखणी खाली ठेवण्यापूर्वी तिला एकदा विचारून पाहावे, एवढीच आमची विनंती.